आठ नंबरची गाडी आणि माझा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, काळ्या लाकडाची मूठ आणि तळहाताएवढी काच. दिसायला मी अजूनही बरा आहे. पण माझी हकिगत सांगण्याआधी एक कबुली देतो, म्हणजे पुढे तुम्हाला धक्का बसायला नको. मी फार मत्सरी आहे. लहान गोष्ट मोठी करून दाखवणे हा माझा धंदाच, आणि हेव्याच्या बाबतीत मी तो जरा जास्तच मन लावून केला.

माझा जन्म काचा घासण्याच्या एका कारखान्यात झाला. ओबडधोबड काचेचा तुकडा होतो मी. तीन आठवडे मला फिरत्या चाकावर घासले, मग लाल पावडर लावून चमकवले. शेवटी तपासनीस बाईंनी मला उजेडासमोर धरले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. माझ्या काठाशी मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा एक बुडबुडा राहून गेला होता. त्यांनी मला उचलून डाव्या हाताच्या टोपलीत टाकले. ती टोपली नापासांची. तिथून मला समोरची रांग दिसे. निर्दोष भिंगे एकेक करून मखमलीच्या डब्यांत बसत होती आणि मोठमोठ्या दुकानांत चालली होती. पोटात दुखणे म्हणजे काय, हे मला त्या टोपलीत कळले.

नापासांच्या टोपलीतून मला एका मेकॅनिकने नेले. त्याचे गॅरेज गावाच्या कडेला होते आणि तिथे शर्यतीच्या गाड्या दुरुस्तीला येत. त्यातही इटालियन गाड्यांवर त्याचा विशेष जीव. तुम्ही अल्फा रोमिओ, मासेराती ही नावे ऐकली असतील. पण त्या काळी तिकडे गल्लीबोळांत छोटे छोटे कारखाने होते. दोनचार माणसे मिळून गाडी बनवत, पत्रा लाकडी साच्यावर हाताने ठोकून काढत. हाताने ठोकलेला पत्रा, म्हणून एका गाडीसारखी दुसरी गाडी नसे. एवढेच काय, त्याच गाडीची डावी बाजू उजवीसारखी नसे. मेकॅनिक माझ्यातून गाड्यांच्या लोखंडातली केसाएवढी चीर शोधायचा. ती वेळेवर सापडली तर गाडी चालवणारा घरी परत येई. इतके महत्त्वाचे काम होते ते, आणि मी तोऱ्यात असायचो.

मेकॅनिकला दोन मुली होत्या. थोरली शांत, नीटनेटकी, कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी जाणारी. धाकटी बडबडी, कायम कशावर तरी चढून बसलेली. मेकॅनिक थकला तेव्हा त्याने मला थोरलीच्या हातात दिले. पुढे ती मोठी झाली आणि एका साप्ताहिकाच्या चित्रविभागात लागली. ते साप्ताहिक शर्यतीच्या गाड्यांचे होते. तिला तिथे एक खोली मिळाली. उत्तरेकडे खिडकी, मोठे टेबल, भिंतभर लाकडी खण आणि खणांमध्ये हजारो जुने फोटो. मी त्या टेबलावर राहायला गेलो आणि तिथेच तीस वर्षे काढली.

थोरलीचे काम असे. कुणाला तरी माळ्यावरच्या पेटीत, मेलेल्या काकांच्या पुस्तकात, एखाद्या जुन्या चौकटीमागे शर्यतीच्या गाडीचा फोटो सापडे. ही कोणती गाडी, असे विचारत तो फोटो आमच्याकडे येई. थोरली तो टेबलावर ठेवी, मला उचले आणि मोजायला लागे. बॉनेटवर हवेसाठी कापलेल्या खाचा किती? पेट्रोलच्या टाकीचे झाकण कुठल्या बाजूला? चाकांच्या तारा एकमेकींवरून कशा गेल्या आहेत? स्टिअरिंग डावीकडे की उजवीकडे? जुन्या इटालियन शर्यतीच्या गाड्यांचे स्टिअरिंग बहुधा उजवीकडे असे, हेही मी तिच्याच तोंडून शिकलो. गाडीचा नंबर बदलतो, रंग बदलतो, समोरची जाळी बदलते, पण पत्रे जोडायला हाताने मारलेले रिव्हेट सहसा कुणी बदलत नाही. थोरली ते रिव्हेट मोजायची. मग खणातला दुसरा फोटो काढून ताडून बघायची आणि साप्ताहिकाच्या कागदावर टाइप करून, खाली सही-शिक्का करून उत्तर पाठवायची. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दूरदूरहून आभाराची पत्रे यायची. थोरली ती पत्रे वाचताना मला हरणाच्या कातड्याने पुसायची. मला वाटे, ही पत्रे निम्मी माझीच आहेत.

मग धाकटी यायला लागली.

धाकटीने कपडे शिवण्याचे दुकान काढले होते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हते, दुकान हेच तिचे घर. दुपारी गिऱ्हाईक नसले की ती डबा घेऊन बहिणीकडे जेवायला येई. हात धुऊन येता येता टेबलाकडे एक नजर टाकी आणि दारातूनच म्हणे, "अगं, ही तीच ना, बाबांकडे गिअरबॉक्ससाठी आली होती ती? खांदा पडलेली?"

थोरली मान वर न करता म्हणे, "बघू दे. अजून खाचा मोजते आहे."

आणि दोन तास मोजून, ताडून, खण उलटेपालटे करून झाले की निघायची तीच. खांदा पडलेली.

एकदा नाही, दोनदा नाही, वर्षानुवर्षे हेच. धाकटी माणसाला बघून मापाशिवाय सदरा बेतायची, तशीच ती गाडी बघायची. कुठे कंबर, कुठे खांदा, कुठे पत्र्याला जरासा झोल. तिला सांगता काही यायचे नाही. "दिसते ना तीच," एवढेच म्हणायची आणि डब्याचे झाकण उघडायची.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तीस वर्षांत त्या बाईने मला एकदाही उचलले नाही! मी तिथे समोर पडलेला, चकचकीत, तयार. आणि ही दारातून, चपला काढता काढता सांगून मोकळी. मग मी कशासाठी आहे? तिच्या डोळ्यांना काही होवो, असे मी मनात म्हणायचो. पुढे तिला सुईत दोरा ओवायला चष्मा लागला, तेव्हा मला इतका आनंद झाला की आज सांगतानाही लाज वाटते. पण कसले काय! लांबचे तिला आधीसारखेच स्वच्छ दिसे, आणि फोटो ती लांबूनच बघायची.

थोरलीही आतल्या आत जळायची. ती बोलून दाखवत नसे, पण मला तिच्या बोटांवरून कळे. धाकटी बरोबर ठरली की त्या दिवशी माझी मूठ घट्ट आवळली जाई. एकदा साप्ताहिकाचे संपादक कशाला तरी खोलीत आले होते. त्यांच्यासमोर धाकटीने लागोपाठ तीन फोटो दारातून ओळखले. संपादक खो खो हसले आणि म्हणाले, "बाई, तुमचं भिंग तर हिला लागतच नाही! आम्ही उगाच तुम्हाला खोली दिली."

माणूस गमतीने बोलला आणि निघून गेला. पण ते वाक्य खोलीतून काही गेले नाही. त्यानंतर थोरली दुपारी टेबलावरचे फोटो पालथे घालून जेवायला बसू लागली.

अशातच एका मंगळवारी ती मावशी आली. मावशी म्हणजे एका शर्यतवाल्याची विधवा, पंचाहत्तरीची, ताठ कण्याची, हातात कापडी पिशवी. गावाबाहेर राहायची, बस बदलून आली होती. तिने पिशवीतून आधी एक जुना काळापांढरा फोटो काढला. सुरुवातीच्या रेषेवर उभी असलेली एक बुटकी, लांब नाकाची गाडी, अंगावर इंग्रजी आठचा आकडा. चालकाच्या डोळ्यांवर मोठा चष्मा, तोंडावर फडके, ओळखायची सोय नाही. मागे कोट घातलेल्या माणसांची गर्दी. मग तिने पाच रंगीत फोटो काढले. ते शेजाऱ्याने नुकतेच काढलेले. त्यात एका शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गंजकी, चेपलेली गाडी.

"ही आमच्याकडची," मावशी म्हणाली. "आणि ही फोटोतली. दोन्ही एकच का, एवढंच सांगा."

मग तिने सगळे सांगितले. तिच्या नवऱ्याचे म्हणणे होते की त्याने तिकडच्या एका मोठ्या शर्यतीत आठ नंबरची गाडी चालवली. इटलीतल्या दोन भावांच्या कारखान्यातली होती ती. त्या भावांनी उभ्या आयुष्यात चारच गाड्या बनवल्या, आणि ही चौथी. शेवटून दुसऱ्या फेरीत टायर फुटला, म्हणून निकालात नाव नाही, कारण शर्यतीच्या पुस्तकात फक्त ती पुरी करणाऱ्यांची नावे छापली. पुढे भावांचा कारखाना बुडाला आणि ती गाडी त्याने स्वतःकडे आणून ठेवली. कुणीही विश्वास ठेवला नाही.

"माझे दीर आहेत," मावशी म्हणाली. "घरात चार माणसं जमली की त्यांचं ठरलेलं. म्हणायचे, आमच्या दादाने शर्यत पाहिली खरी, पण तिकीट काढून! सगळे हसायचे. हेही हसायचे. नंतर स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायचे आणि किती वेळ बाहेरच जायचे नाहीत." तिने फोटो सरळ केला. "मीसुद्धा कधी विचारलं नाही, बाई. मला भीती वाटायची, खोटं निघालं तर? आता शेडची जागा मालकाला परत द्यायची आहे. शनिवारी भंगारवाला येणार. गाडी खरी असेल तर बाकीचंही खरं असणार. नसेल तर घेऊन जाऊ दे त्याला."

थोरलीने मला उचलले. त्या दोन भावांच्या तीन गाड्यांचा हिशेब तिला पाठ होता. एक जळाली, एक संग्रहालयात आहे, एकीचे सुटे भाग झाले. चौथीचा पत्ता कुणालाच नव्हता. तिने फोटो उजेडाकडे सरकवला. अशी गाडी आयुष्यात एकदाच समोर येते.

नेमकी त्याच वेळी धाकटी डबा घेऊन दारात आली. फोटो आज पालथे नव्हते.

"अय्या, तीच आहे की ही!" ती चपला काढता काढता म्हणाली. "गंजली बिचारी. पण बसायची ढब बघ ना. तीच."

मावशीचा चेहरा उजळला. ती थोरलीकडे पाठ करून धाकटीकडे वळली. "खरंच? तुम्हाला ओळखू येते?"

माझी मूठ आवळली गेली.

"थांब जरा," थोरली म्हणाली. "फोटोत स्टिअरिंग डावीकडे आहे. शेडमधल्या गाडीला उजवीकडे. फोटोत डाव्या बाजूला बारा खाचा आहेत. शेडमधल्या गाडीला डावीकडे अकरा आणि उजवीकडे बारा. टाकीचं झाकणसुद्धा विरुद्ध बाजूला. तीच कशी असेल?"

धाकटी जवळ आली. कमरेवर हात ठेवून, मान मागे घेऊन बघत राहिली. "ते मला नाही माहीत, ताई. गाडी तीच आहे. पण फोटोत काहीतरी उलटं वाटतंय. ही मागची माणसं बघ. ह्यांचे कोट मला..."

"कोटांबद्दल विचारलंय का तुला कुणी?" थोरलीचा आवाज चढला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती मावशीकडे वळली. "तीस वर्षं मी हेच काम करते आहे, मावशी. ही कपडे शिवते."

धाकटीने टेबलावर ठेवलेला डबा उचलला, पुन्हा पिशवीत घातला आणि चपला घातल्या. थोरलीने यंत्रात कागद चढवला. दोन्ही गाड्या वेगळ्या आहेत, अशा चार ओळी टाइप केल्या, सही केली, शिक्का मारला. मावशीने कागदाची नीट चौपदरी घडी घातली. "बरं," ती म्हणाली. "फोटो राहू द्या तुमच्या संग्रहाला. मला काय करायचाय आता?" जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचा पाय अडखळला, तेव्हा धाकटीनेच तिचा हात धरला. दोघी बरोबर गेल्या.

त्या गेल्यावर थोरली बराच वेळ खिडकीत उभी राहिली. मग टेबलाशी आली आणि तिने मला फोटोवर धरले. गाडीवर नाही. कोटांवर.

मित्रांनो, पुरुषांच्या कोटाची बटणे एका बाजूला असतात आणि बायकांच्या दुसऱ्या. फोटोतल्या एकूणएक पुरुषांचे कोट बायकांसारखे लागले होते. थोरलीचा श्वास माझ्या काचेवर आला, काच धुरकटली, तिने ती पदराने पुसली. कातडे घ्यायचेही तिला सुचले नाही. मग मला तिने गाडीच्या पुढच्या चाकावर नेले. टायरच्या कडेला उठावाची बारीक अक्षरे होती. ती सगळी उलटी होती, आरशात दिसतात तशी. छापणाऱ्याने निगेटिव्ह पालथी ठेवून फोटो छापला होता. डावे ते उजवे झाले होते. आणि आठचा आकडा असा की दोन्हीकडून सारखाच, म्हणून कुणाच्या लक्षात आले नव्हते. एरवी थोरली हे सगळ्यात आधी तपासायची. त्या दिवशी तिने तपासले नाही, कारण तिला फक्त धाकटी चुकायला हवी होती.

गाडी तीच होती. चौथी.

इमारतीचे फाटक खिडकीतून दिसत होते. बसथांबा पलीकडेच. दोघी तिथे उभ्या होत्या. मावशीची पिशवी धाकटीच्या हातात होती. एक हाक पुरली असती.

थोरलीने फोटो पाकिटात घातला, पाकीट खणात ठेवले आणि खण बंद केला.

मला तोंड नाही, मी काय करणार, असे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावले. पण आज खरे सांगतो. तोंड असते तरी मी बोललो नसतो. धाकटी लांबून बघून बरोबर आणि आम्ही जवळून बघून चूक, हे जगाला कळण्यापेक्षा गाडी भंगारात गेलेली मला चालणार होती. इतका मी वाईट होतो.

बुधवारी धाकटी जेवायला आली नाही. गुरुवारी आली नाही. शुक्रवारीही नाही. थोरली एकटी डबा उघडायची आणि अर्धा परत न्यायची. रोज सकाळी ती तो खण उघडायची, पाकिटाला हात लावायची आणि खण बंद करायची. मला तिने तीन दिवस उचललेच नाही.

शनिवारी सकाळच्या टपालात मावशीचे पत्र आले. थोरलीने ते उभ्यानेच वाचले, एकदा मनात आणि एकदा ओठ हलवत.

"बाईंना नमस्कार. तुमच्या कागदाने माझ्या मनाची टांगणी संपली, त्याबद्दल आभार. आज तो कागद दिरांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त हसले. म्हणजे आमचे हे थापाडेच होते. असो. बाकी माणूस चांगला होता."

थोरली खाली बसली. मग एकदम उठली. पाकीट, पत्र आणि मला तिने पर्समध्ये कोंबले आणि ती जिना उतरली. कुलूपसुद्धा लावले नाही. मावशीच्या घरी टेलिफोन नव्हता आणि घर कुठे आहे हे थोरलीला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते धाकटीला, मंगळवारी तीच मावशीला घरापर्यंत सोडून आली होती.

धाकटीच्या दुकानात मी पहिल्यांदाच गेलो. लांबट खोली, दोन मशिनी, भिंतीला कागदी बेतांची गुंडाळी, जमिनीवर चिंध्या. धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून उशीत खोचल्या आणि मगच बोलली.

"काय गं?"

"तू बरोबर होतीस. फोटो उलटा छापलाय. गाडी तीच आहे."

धाकटीने बहिणीच्या तोंडाकडे बघितले. "कधी कळलं तुला?"

थोरलीने पर्स पोटाशी धरली.

"ताई, कधी कळलं?"

"मंगळवारी. तुम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतात तेव्हा."

धाकटीने मशिनीवरचे कापड बाजूला सारले. मला वाटले आता ही ओरडेल. पण तिने खुंटीवरची पिशवी काढली, दुकानाच्या किल्ल्या घेतल्या आणि म्हणाली, "टॅक्सी करू. बसने दोन तास जातात."

टॅक्सी गावाबाहेर पडली. मग थोरली हळूच म्हणाली, "मला सहन होत नाही गं. मी दोन दोन तास मोजते आणि तू दारातून सांगतेस. बाबांनी भिंग मला दिलं. शिकवलं मला. आणि दिसतं तुला."

"अगं पण मला लांबून का दिसतं, माहीत आहे का तुला?" धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू मला जवळ येऊ दिलंस कधी? मी भिंगाला बोट लावलं की तू बाबांना हाक मारायचीस, म्हणायचीस, डाग पाडते ही. मग मी दारात उभी राहून बघायला शिकले. दुसरं काय करणार होते? रात्रंदिवस वाटायचं, आपल्याही हातात एकदा ते यावं. अजून वाटतं. तुझा मला किती हेवा वाटायचा, सांगू?"

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. आणि पर्समध्ये, रुमाल आणि किल्ल्यांच्या मधोमध, मी थिजून गेलो. तीस वर्षे मला वाटत होते की या बाईला माझी गरज नाही. ती मला उचलत नव्हती, कारण तिला कुणी उचलू दिले नव्हते.

आम्ही पोहोचलो तेव्हा लोखंड कापल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

भंगारवाला लवकर आला होता. कामाचा माणूस, सकाळी सातलाच. शेडसमोरच्या मोकळ्या जागेत गाडीचे चार तुकडे पडले होते. शेपूट वेगळे, मधला भाग दोन ठिकाणी कापलेला. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ट्रकवर चढवली होती. फक्त बॉनेट अख्खे होते, कारण ते आधीच काढून भिंतीला टेकवून ठेवले होते. मावशी एका उलट्या खोक्यावर बसून बघत होती.

थोरली कुणाशी न बोलता बॉनेटपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. तिने मला पर्समधून काढले, पण खाचा मोजायला भिंग लागत नव्हते. तिने बोटाने मोजल्या. डावीकडे अकरा. उजवीकडे बारा. मग काठाजवळचे रिव्हेट माझ्यातून पाहिले आणि फोटोशी ताडले. सहावा रिव्हेट जरा तिरका होता. फोटोतही होता, उलट्या बाजूला.

ती उठली, मावशीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सगळे सांगितले. काही लपवले नाही. कोट, टायरवरची अक्षरे, आणि मंगळवारपासूनचे दिवस. भंगारवाल्याने कटर बंद केला होता. तोही ऐकत होता.

मावशीने भिंतीला टेकवलेल्या बॉनेटकडे बघितले. मग तिने विचारले, "म्हणजे ते खरं बोलत होते?"

"हो."

"टायर फुटल्याचंसुद्धा?"

"ते मला फोटोवरून नाही सांगता येणार, मावशी. पण गाडी तीच आहे. फोटोतली, आठ नंबरची."

"फुटलाच असणार," मावशी म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "बेचाळीस वर्षं संसार केला मी त्या माणसाशी. आणि गुरुवारी दिरांसमोर मान डोलावली, की हो, थापाडे होते."

थोरलीने हात जोडले. मावशीने ते हात धरून खाली केले.

"बाई, तुम्ही येऊन सांगितलंत, त्याचे आभार आहेत. आणि तुमचा मला संतापही आलाय. दोन्ही घेऊन जा."

परतताना आम्ही बसनेच आलो.

त्यानंतर थोरलीने साप्ताहिकात दुरुस्ती छापायला घेतली. संपादक म्हणाले, "फोटो उलटा छापला होता, एवढंच लिहा की. बाकीचं कशाला?" थोरलीने बाकीचेही लिहिले, तीन दिवसांसकट, स्वतःच्या नावाने. आणि गाडी ओळखली कुणी, तेही लिहिले. पुढे काही लोकांनी तिच्याकडे फोटो पाठवणे बंद केले. काहींनी चालू ठेवले.

भंगारवाल्याने तुकडे नेले नाहीत. चासी पुन्हा ट्रकवरून उतरवली. दोघी बहिणींनी चारदोन पत्रे लिहिली आणि संग्रहालयाची माणसे येऊन ते तुकडे घेऊन गेली. जोडता येतील का, ते अजून बघताहेत. हाताने ठोकलेला पत्रा आहे, त्यांनी स्पष्टच सांगितले की पहिल्यासारखा होणार नाही. बॉनेट मात्र मावशीने दिले नाही. ते तिच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. दिरांना तिने मुद्दाम बोलावले आणि स्वतःच्या बोटाने खाचा मोजायला लावल्या, मोठ्याने. त्यांचे मोजणे एकदा चुकले, तर पहिल्यापासून परत.

हे सगळे धाकटी येऊन सांगते. मावशीकडे ती महिन्यातून एकदा जाते. थोरलीला अजून बोलावणे नाही. मध्ये एकदा धाकटीने विचारून पाहिले, तर मावशी म्हणाली, "येऊ दे. पण अजून नको." थोरलीने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू जातेस तिथे, ह्याचा मला हेवा वाटतो गं." धाकटी म्हणाली, "वाटू दे. जेव आता." आणि दोघी जेवल्या.

मी आता टेबलाच्या मधोमध असतो. धाकटी मला उचलते, तिच्या बोटांचे तेलकट ठसे माझ्यावर उमटतात, ती पुसायला विसरते. कधी मला शिवणाच्या पिशवीतून दुकानात नेते आणि टाके बघते. माझ्या काचेवर दोन ओरखडे आले आहेत. तरीही कधी कधी ती मला हातात धरूनसुद्धा आधी लांबूनच बघते, तेव्हा जुनी कळ उठते. नाही म्हणणार नाही.

म्हणून मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, तर ती जपा, पण घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातूनही जाऊ द्या. ठसे पुसता येतात. आणि कुणाचा हेवा वाटला, तर तो त्याच दिवशी, त्याच माणसाला सांगून टाका. उद्या सांगू म्हणू नका. थोरलीने तीन दिवस घेतले. तेवढ्यात एक अख्खी गाडी कापून झाली.